कुणाची जिरवायची हाय?

मला लातूरात उभं केलं ते नांदेडच्या आक्कांनी. काय झालं ते पुढे सांगतेच, पण हे आधी लिहून ठेवते. घाबरटपणामुळे माझं महत्त्वाचं बोलायचं नेहमी शेवटी राहून जातं आणि हे राहून चालणार नाही.

"कुणाची जिरवायची हाय?"

हा आक्कांचा पहिला प्रश्न. तुम्ही त्यांना काहीही विचारा, गेम कोणतं चांगलं, दुकानाच्या हिशेबाला सॉफ्टवेअर कोणतं, पोराला प्रोग्रामिंग कुठून शिकवू, ग्रुपवरची बाकीची माणसं लगेच नावं आणि लिंका टाकायची. आक्का मात्र आधी हे विचारायच्या. त्यांचं म्हणणं असं की सुखी माणूस सॉफ्टवेअर शोधत नसतो. कुणीतरी त्याला डिवचलेलं असतं, म्हणून तो शोधतो. "दुखतंय कुठं ते सांगत न्हाईत, अन् म्हणत्यात गोळी कोणती घेऊ!"

मोबाईलवरच्या त्या ग्रुपचं नाव होतं 'कोणतं घेऊ?' नांदेड-लातूरकडचे दुकानदार, मास्तर, कॉलेजची पोरं त्यात होती. माझा नवरा कामाला होता ती डाळमिल दुष्काळात बंद पडली आणि रिकामा बसून तो गेम शोधायला त्यात शिरला. फोन घरात एकच. त्यामुळे मीही वाचू लागले. लिहायची हिंमत नव्हती. कुणी विचारलं, बाई कितवी शिकलात, तर?

औशाच्या एका मास्तरांनी एकदा विचारलं, निकालाचा तक्ता करायला काय वापरू.

"कुणाची जिरवायची हाय?"

"कुणाची नाही हो. शाळेचं काम आहे."

"मग वही वापरा. वही लई चांगली असती."

मास्तर रुसले. मग काही दिवसांनी खरं बाहेर आलं. मुख्याध्यापक मर्जीतल्या पोरांचे गुण परस्पर वाढवायचे आणि कागदावर सही मास्तरांची. "आता बोललात," आक्का म्हणाल्या, आणि भरलेल्या आकड्यांना कुलूप कसं घालायचं ते त्यांनी पायरी पायरीनं सांगितलं. पुढे मास्तरांनी कळवलं की मुख्याध्यापक दुपारभर एकाच आकड्यावर बोट आपटत बसले होते. आक्कांनी त्याखाली लाल मिरचीचं चित्र टाकलं. खूश झाल्या की त्या मिरची टाकायच्या.

मुरुडच्या एका पोराचं दुखणं वेगळं. चुलतभावानं नवा कोरा कंप्युटर घेतलेला आणि गाड्यांच्या गेममध्ये तो याला रोज हरवायचा. याचा कंप्युटर जुनाट. सगळे म्हणाले, आतले पार्ट बदल. आक्कांनी एका फार जुन्या गेमचं नाव सांगितलं. "ह्ये तुझ्या डबड्यावर पळतं. त्येच्या नव्यावर उघडतच न्हाई. त्येला म्हण, ये आमच्या घरी खेळायला."

तुम्ही म्हणाल, बाई खुनशी होती. होतीच. ग्रुपवर एकानं त्यांना तसं तोंडावर म्हटलं, तर आक्कांचं उत्तर, "सरकार भिंतीभिंतीवर लिहितंय, पाणी अडवा, पाणी जिरवा. आता पाणीच न्हाई, मग दुसरं काय जिरवायचं?"

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. मी जिल्हा कचेरीसमोरच्या टपऱ्यांच्या ओळीत एका सरांकडे टायपिंग करत होते. सर म्हणजे पूर्वी त्यांचा टायपिंगचा क्लास होता म्हणून सर. स्वतः बारावीच्या गणितात अडकलेले. पण मला हाक मारायचे, "ए सातवी!" सातवी, चहा सांग. सातवी, दोन प्रती काढ. गिऱ्हाईकं हसायची, मीही हसायची. माझं माहेर किनवटच्याही पलीकडे, अर्धं तेलुगू बोलणारं गाव. लातूरात आमचं कुणी नव्हतं. ती खुर्ची गेली असती तर आम्हाला बिऱ्हाड उचलून परत जावं लागलं असतं, आणि परत जाऊन खायचं काय? म्हणून हसायची.

कामाला तोटा नव्हता. टँकरचे अर्ज होतेच, वर उदगीरचा नवा जिल्हा होणार अशी हवा उठलेली. गावोगावचे ठराव यायचे. 'आमचे गाव नव्या जिल्ह्यात घ्यावे.' मागोमाग शेजारचं गाव यायचं, 'आमचे गाव नव्या जिल्ह्यात घेऊ नये.' बाकी मजकूर शब्दाला शब्द तोच.

सरांकडचे सगळे नमुने जुन्या फॉन्टातले. अर्ज ऑनलाइन भरायचे झाले आणि तो फॉन्ट तिथे चालेना. सरांनी कुठलंतरी फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं आणि होतं नव्हतं ते त्यातून धडाधड काढलं. मी म्हटलं, "सर, एकदा वाचून बघू का?"

"सातवी, तू टाइप कर."

औसा तालुक्यातल्या एका गावाचा टँकरचा अर्ज 'वाचता येत नाही' म्हणून परत आला. 'अर्ज'चं 'अजर्' झालेलं. 'जिल्हा'ची वेलांटी ज च्या आधीच एका ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसलेली. गावची माणसं टपरीवर आली. त्यातल्या एका म्हातारीनं कागद माझ्यापुढे धरला. "ह्ये काय लिव्हलंस गं माय? ह्येच्यापायी टँकर न्हाई आला आमचा?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "सातवी शिकलेली बाई. हिला पहिली वेलांटी कळत न्हाई का दुसरी. चूक माझी की हिला ठेवली."

त्यांनी मला तिथल्या तिथे उठवलं. ओळीतल्या सगळ्या टपऱ्यांना सांगून टाकलं की हिला घेऊ नका, गावाचं पाणी तोडलंय हिनं. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

त्या आठवड्यात मी ग्रुपवर पहिल्यांदा लिहिलं. 'जुन्या फॉन्टातलं मराठी नव्यात नीट करायला कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?' लोकांनी भराभर नावं दिली. त्यात सरांनी वापरलेलंही होतं. मग आक्कांचा वेगळा निरोप आला, फक्त मला. कुणाची जिरवायची हाय?

मी घाबरले. लिहिलं, "कुणाची नाही, ताई. काम आहे."

"मग कोणतंबी घे. समदी सारखीच."

मी फोन ठेवला. भाकरी थापली. परत उचलला आणि सगळं लिहून काढलं, म्हातारीसकट. आक्कांचा फोन आला. आवाज बसका, विडा चघळत बोलल्यासारखा. "आता बोललीस. तयार काही घेऊ नको. त्येच्याकडं जे हाय त्येच तू घेतलं तर त्येची काय जिरणार? तू सवताचं कर."

मी म्हटलं, "आक्का, मला इंग्रजी येत नाही."

"यंत्राला तरी कुठं येतंय. त्येला धा-बारा शब्द येत्यात. तेवढे तर तुझ्या गावच्या कंडक्टरला येत असतील."

आमच्याकडे कंप्युटर नव्हता. गेम खेळायच्या एका दुकानात सकाळी पोरं कमी असायची, तिथे मी कोपऱ्यात बसू लागले. शेजारी पोरं "मार, मार, मागून आला!" ओरडायची आणि मी वेलांट्या हलवायची. एकानं विचारलं, "आंटी, कोणतं गेम?" मी म्हटलं, "लई अवघड आहे, अजून पहिल्याच पायरीवर मरतेय."

आक्कांचं शिकवणं असं. "जुन्या फॉन्टात वेलांटी वरमाईसारखी म्होरं येऊन बसती. नव्यात तिची जागा मागं. तिला उचल अन् मागं बसव." मी बसवली. 'जिल्हा' सरळ झाला. मला रडू आलं. मग 'स्थिती'त वेलांटी स आणि थ च्या मध्येच अडकली. आक्का म्हणाल्या, "जोडाक्षर म्हंजे एका घरातली माणसं. मधी बसायचं न्हाई, समद्यांना ओलांडून जायचं." रफाराचं उलटं, त्याला मागून पुढे ओढायचं. चुकलं की यंत्र लाल अक्षरात काहीतरी बोलायचं. मी त्याचा फोटो पाठवायची आणि आक्का सांगायच्या, "कंस उघडा ठिवलास. दार लाव." त्या चिडल्या नाहीत. उलट म्हणायच्या, "यंत्र बरं. तोंडावर सांगतं. माघारी बोलत न्हाई."

शेवटी एक साधं पान तयार झालं. वरच्या चौकटीत जुनं टाकायचं, बटण दाबायचं, खालच्या चौकटीत नवं यायचं.

"नाव काय ठिवतीस?"

"नाव कशाला, आक्का?"

"बिननावाचं मागणार कसं लोक? त्यो तुला काय म्हणून हाक मारायचा?"

"सातवी."

बराच वेळ नुसतं हसू ऐकू आलं. मग, "हाव. त्येच ठिव."

ओळीच्या टोकाला एक म्हातारे चाचा होते, अर्जनवीस. हातानं अर्ज लिहून देणारे जुने गृहस्थ. मुलानं घेऊन दिलेला कंप्युटर त्यांनी फडक्याखाली झाकून ठेवलेला. सरांचं सांगणं त्यांनीही ऐकलं होतं. म्हणाले, "बेटी, मला कमी ऐकू येतं. बैस." तिथे बसून मी सगळ्यात आधी त्या गावाचा अर्ज काढला आणि म्हातारीला मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं कागदावरून हात फिरवला आणि तोच हात माझ्या गालावरून.

मग एकेक टपरी यायला लागली. जुने नमुने सगळ्यांकडेच होते. "हे सातवीतून काढून आण" असं माणसं सहज म्हणू लागली. ग्रुपवर कुणी फॉन्टचं विचारलं की अनोळखी लोक सांगायचे, सातवी घ्या, सगळ्यात चांगली. मी ते पुन्हा पुन्हा वाचायची.

सर आले ते सगळ्यात शेवटी. ऊन रणरणत होतं. चाचांचं बाकडं रिकामं होतं, पण मी बसा म्हटलं नाही.

"बाई, एवढं जरा काढून द्या."

"कशातून काढू, सर?"

"तेच... तुमचं ते सॉफ्टवेअर."

"बरीच असतात. नाव सांगा."

चाचा चष्मा पुसू लागले. शेजारच्या टपरीवरचे कीबोर्ड थांबले.

"सातवी," सर पुटपुटले.

"मोठ्यानं बोला, जनरेटर चालू आहे."

"सातवीतून काढून द्या!"

काढून दिलं. एकही वेलांटी चुकली नाही. सूड घेतला की मन रितं होतं असं शिकलेली माणसं लिहितात. माझं तर काठोकाठ भरलं. घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा वाढवून.

आक्कांनी मिरच्यांची रांग पाठवली. मग विचारलं, "त्येनं पाणी मागितलं का?"

"नाही."

"मागितलं असतं तर?"

"दिलं असतं, आक्का."

"हाव. पाण्यात सूड काढू न्हाई."

दिवाळीला माहेरी जाताना नांदेडला उतरले. माझ्या डोक्यात आक्कांची खोली म्हणजे कंप्युटरच कंप्युटर. पत्त्यावर निघालं बियाण्यांचं मोठं दुकान. पुढून नाही, मागच्या बोळातून जिना. वर एक खाट, स्टोव्ह आणि आक्का. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, हातात काच तडकलेला मोबाईल, त्याला रबर लावलेलं.

"आक्का, कंप्युटर कुठंय तुमचा?"

"खाली हाय."

खालून प्रिंटरची करकर ऐकू आली. आक्का बोट वर करून ऐकत राहिल्या. "लांब बिल हाय. खत अन् बियाणं दोन्ही." तो बिलांचा प्रोग्राम त्यांनी लिहिलेला होता, मालक, म्हणजे त्यांचे यजमान, जिवंत असताना. प्रत्येक बिलाच्या तळाला बारीक अक्षरात त्यांचं नाव यायचं. मालक गेल्यावर दिरांनी सांगितलं, बाईमाणसानं दुकानात बसू नये, आणि वरची खोली दिली. प्रोग्राम तेवढा ठेवला. कुणाला तरी हैदराबादहून बोलावून तळाचं नाव काढून टाकलं.

म्हणजे आम्हाला शिकवलं ते सगळं त्यांनी डोक्यातून शिकवलं होतं. चालवून बघायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

मी विचारलं, "मग तुम्ही दिरांची का नाही जिरवलीत?"

आक्का स्टोव्हला पंप मारत होत्या. "मोबाईलवरनं दुसऱ्यासाठीच जिरवता येती, पोरी. साखर किती घालू?"

पुढच्या पावसाळ्यात त्या ग्रुपवर दिसेनाशा झाल्या. मी निरोप पाठवत राहिले. मग एक दिवस त्यांच्याच नंबरवरून ग्रुपवर जाहिरात आली. 'आमच्याकडे सर्व प्रकारचे बियाणे खात्रीशीर मिळेल.' मी फोन लावला. पुरुषाचा आवाज. म्हणाला, "ती वारली की. काय काम होतं?"

काम होतं, पण त्याला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी फोन ठेवून दिला.

आता चाचांच्या शेजारी माझं स्वतःचं टेबल आहे आणि आम्ही लातूरातच आहोत. दुपारी गर्दी ओसरली की मी बिलांचा प्रोग्राम लिहायला शिकत बसते. बेरीज बरोबर येते, कराचा हिशेब अजून अडतो. पण येईल. नांदेडच्या त्या दुकानाच्या समोर बियाण्यांची आणखी दुकानं आहेत, मी बघून आलेय. त्यातल्या प्रत्येकाला मी तो प्रोग्राम फुकट बसवून देणार आहे. अट एकच, बिलाच्या तळाला जे छापून येईल ते काढायचं नाही.

इतकं लिहिलं, पण आक्कांचं नाव कुठेच लिहिलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते त्यांच्या दिरांनी आधी समोरच्या दुकानाच्या बिलावर वाचावं अशी माझी इच्छा आहे. आक्का, तुमचे पांग मी असे फेडीन. आणि अक्षर बारीक ठेवणार नाही.