माळावरचे धाविक आणि माझी खोटी चिकाटी

निवृत्तीनंतरच्या पहिल्या ऑक्टोबरपासून मी आमच्या गावाच्या वरच्या माळावर पाखरं पाहत आलो आहे. खाली शाळूची पेरणी सुरू झाली की वर गवत पिवळं पडू लागतं. उत्तरेकडून भोवत्या हा शिकारी पक्षी येतो आणि गवतावरून हातभर उंचीनं तरंगत जातो. पण माझा जीव जडला तो इथेच राहणाऱ्या धाविकावर. टिटवीहून लहान, विटकरी छातीचा, उंच पांढुरक्या पायांचा पक्षी. चार पावलं धावतो, ताठ उभा राहतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा धावतो. त्याची चाल पाहताना मी दुर्बीण खाली ठेवायचं विसरतो.

धाविकांचे मी जवळून काढलेले फोटो तालुक्याला एका भाषणात दाखवले तेव्हा लोकांनी विचारलं, एवढं जवळ कसं जाता आलं? मी म्हणालो, "चिकाटी." ते खोटं होतं.

खरं असं की दोन वर्षं मी त्या पक्ष्यामागे पळत होतो आणि तो शंभर पावलांवरूनच निघून जायचा. माळावर मेंढरं चारणारे एक आबा, माझ्याच वयाचे, लांबून हे पाहत असत. एकदा जवळ आले.

"गुरुजी, कशापायी त्याला पळवता? त्यानं तुमचं काय घेतलंय?"

"फोटो काढायचाय, आबा."

"मंग असं सरळ नका जाऊ. मेंढरात शिरा. मेंढराला त्ये भेत न्हाई."

मी वाकून कळपात शिरलो. मेंढरं चरत पुढे सरकत होती, त्यांच्या खुरांनी किडे उडत होते आणि धाविक आमच्या पुढेच, दहा पावलांवर, ते टिपत होते. आबांनी काठीनं एक दगड दाखवला. दगडाशेजारी, उघड्या मातीत, दुसरा दगड बसला होता. तो डोळे मिटत होता; धाविकच होता तो. एवढ्या वर्षांत मला जे दिसलं नव्हतं, ते त्यांना चालता चालता दिसत होतं. कुठल्या पाखराची जोडी कुठे, कोणतं यंदा एकटं आहे, सगळं तोंडपाठ.

तालुक्याच्या त्या भाषणात मी त्यांचा उल्लेख केला नाही. उलट, अभ्यासू दिसावं म्हणून वर सांगितलं की मेंढरांमुळे माळाची नासाडी होते, चराई बंद व्हायला हवी. गावानं माझ्या शब्दावर मेंढरं अडवायला माळाभोवती चर खणला. आबा कळप घेऊन लांबच्या डोंगराकडे जाऊ लागले.

पुढच्या पावसाळ्यानंतर गवत कमरेला लागलं. धाविकाला लागते उघडी, खुरटी जमीन. धावायला जागाच उरली नव्हती. त्या ऑक्टोबरात मला एकही दिसला नाही. पुढच्या ऑक्टोबरातही नाही.

यंदा गांधी जयंतीच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि हे सगळं सांगितलं, फोटोपासून.

सरपंच म्हणाले, "पण गुरुजी, चर तुमीच खणायला लावला की."

"चुकलो. बुजवा."

"म्हंजी गुरुजींनीच पेपर चुकीचा तपासला," मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला. मी त्याला पात्रच होतो.

आबा दाराजवळ बसले होते. सरपंचांनी त्यांना विचारलं. ते उठले नाहीत. बसूनच म्हणाले, "दोन जागी वाट करून द्या. सगळा बुजवू नका, पाणी मुरतंय त्यात." तेवढंच ठरलं.

बाहेर पडल्यावर मी त्यांची माफी मागितली. ते फेटा नीट करत होते.

"गुरुजी, डोंगराकडं लांडग्यानं दोन कोकरं नेली माझी. ती काय माफीनं यायची न्हाईत."

"नाहीत."

"पर चार माणसांत बोललात. घरात येऊन कानात न्हाई सांगितलं, हे बरं केलं."

मी विचारलं, धाविक परत येतील का. त्यांनी माळाकडे पाहिलं.

"दिवाळीपतुर गवत खाली आणतो. त्ये माझ्या मेंढराचं काम हाय. पाखराचं मी कसं सांगू?"