साकवापर्यंत

आमच्या भाऊजींच्या घरून आजवर एकही माणूस एकटा परत गेलेला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला ठाण्यातलं वर्तकनगर, मूळ गाव संगमेश्वराकडचं, आणि उभ्या आयुष्यातला मुख्य उद्योग म्हणजे आल्यागेल्याला पोचवायला जाणं. मधल्या वेळात त्यांनी एका रंगाच्या कारखान्यात नोकरी केली, लग्न केलं, एक मुलगी वाढवली. पण ही सगळी फावल्या वेळातली कामं. खरं काम सुरू व्हायचं ते पाहुण्याने चहाचा कप खाली ठेवून "बरं, येतो मग" म्हटलं की. तो शब्द संपायच्या आत भाऊजींचा हात खुंटीवरच्या शर्टाकडे गेलेला असायचा.

याचं मूळ त्यांच्या गावात आहे. घराच्या खालच्या अंगाला वहाळ होता आणि वहाळावर साकव, म्हणजे दोन ओंडके टाकून केलेला लाकडी पूल. पाहुणा निघाला की त्याला साकवापर्यंत पोचवायचं, तो पलीकडच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत हात वर करून उभं राहायचं आणि मग परतायचं, अशी त्यांच्या वडिलांची शिस्त. शिस्त उत्तम होती. भानगड एवढीच झाली, की भाऊजी ठाण्यात आले आणि ठाण्यात साकव नव्हता. त्यामुळे थांबायचं नेमकं कुठे, हे त्यांना कधी कळलंच नाही.

विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला ते शेजारच्या इमारतीपर्यंत सोडायला गेले. तिथलं काम होईस्तोवर खाली उभे राहिले, मग त्याला पुढच्या इमारतीपर्यंत सोडलं. असं करत त्या दिवशी दोघांनी मिळून अख्ख्या कॉलनीची मीटरं पाहिली. एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवाराला सोडायला म्हणून जे गेले ते त्याच्या मिरवणुकीत शेवटपर्यंत चालले, आणि पुढे कित्येक महिने लोक त्यांच्याकडे नळाच्या तक्रारी घेऊन यायचे. कहर झाला तो मुलीच्या लग्नात. पाठवणीच्या वेळी सगळे रडत असताना हे शांतपणे नवरा-नवरीच्या गाडीत पुढे बसले आणि थेट बाळकुमला, मुलीच्या सासरी उतरले. व्याह्यांनी बिचाऱ्यांनी उंबरठ्यावरचं माप तसंच ठेवलं आणि आधी यांना परत पोचवायला माणूस दिला. त्या माणसालाही भाऊजी पुन्हा अर्ध्या वाटेपर्यंत सोडून आले.

मी राहतो नौपाड्यात. चालणं या प्रकाराशी माझं जन्माचं वाकडं आहे. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडेसुद्धा मी रिक्षाने जाईन, पण इतक्या जवळ यायला एकही रिक्षावाला तयार होत नाही. असल्या माणसाला भाऊजींनी वर्षानुवर्षं वर्तकनगर ते नौपाडा पायी आणलं आहे. "अरे, बोलता बोलता येईल घर," असं म्हणायचे. एकदा असेच माझ्या दारापर्यंत आले. बायकोने चहा केला. ते निघाल्यावर मलाच लाज वाटली, म्हणून मी त्यांना वर्तकनगरपर्यंत सोडायला गेलो. तिथे ताईने पोहे दिले. पोहे संपवून मी उठलो, तर यांचा हात पुन्हा शर्टाकडे. तेव्हा ताईने दाराला कडी घातली आणि म्हणाली, "दोघंही बसा खाली. लोकांना वाटेल माझ्या घरात शाखाच भरते."

त्यांचा आजार ओळखायला आम्हाला उशीर झाला, तो यामुळेच. दुसऱ्या घरातला म्हातारा माणूस दोन-तीन तास दिसला नाही तर धावाधाव होते. आमच्याकडे "गेले असतील कोणाला तरी सोडायला" म्हणून ताई निवांत भाजी निवडत बसायची. एका दुपारी ते धुळीने भरलेल्या पायांनी परत आले. ताईने सवयीने विचारलं, "कोणाला सोडून आलात?"

"पाहुण्यांना."

"अहो, पण आज कोणी आलंच नव्हतं."

भाऊजींनी आपल्या धुळीच्या पायांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "नव्हतं का आलं?"

त्यानंतर ते रोजच पाहुण्यांना सोडायला जाऊ लागले. परतीची वाट मात्र त्यांना सापडेना. कधी बाळकुमच्या रस्त्यावर सापडायचे, कधी नौपाड्यातल्या एखाद्या दवाखान्यात नंबर लावून बसलेले. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असं नाव सांगितलं आणि दाराला बाहेरून कुलूप लावा म्हणून बजावलं. कुलूप जमत नसेल तर डोंबिवलीकडे अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिथे ठेवा. ताई एवढंच म्हणाली, "ज्याने जन्मात कोणाला दारातून एकटं जाऊ दिलं नाही, त्याला मी कोंडून घालू? आणि संस्थेत नेऊन सोडू? मी?" बोलायला ती खमकी, पण पदर डोळ्यांना लावल्याचं मी पाहिलं. ती रोज दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. हे फार दिवस चालणार नाही, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

तेव्हा माझी भाची, म्हणजे यांची बाळकुमची मुलगी, रोबो घेऊन आली. ती ज्या कंपनीत आहे तिथे असली यंत्रं बनवतात. उंची कमरेच्या थोडी वर, रंग पांढरा, पायांच्या जागी चाकं, आणि चेहऱ्याच्या जागी दोन निळे दिवे. घरातला माणूस दाराकडे निघाला की याने आधी जाऊन दारात उभं राहायचं, गोड बोलून त्याला मागे फिरवायचं, आणि ऐकलंच नाही तर फोन करून त्याच्या मागोमाग जायचं. "मामा, याला सगळं कळतं. बाबा दाराजवळ आले की सेन्सर लगेच पकडतो," भाची म्हणाली. ताईने त्याला आधी ओवाळलं, कपाळाच्या जागी कुंकू लावलं, आणि कुंकू नेमकं सेन्सरवर बसल्यामुळे पहिला दिवस त्याला काहीच दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई दळण आणायला खाली गेली असताना त्याने काम सुरू केलं. तो दारात जाऊन उभा राहिला. आता आमच्या लोकांत दारात उभं राहिलेला माणूस म्हणजे एक तर आलेला, नाही तर निघालेला. हा तर घरातून दारात आलेला. भाऊजींनी ताबडतोब शर्ट चढवला. "निघालात? थांबा, येतो सोडायला," असं म्हणून त्यांनी अदबीने आधी त्याला लिफ्टमध्ये घेतलं. माणसाच्या मागोमाग जायचं, हे रोबोला शिकवलेलंच होतं. भाऊजी त्याला पोचवत होते, तो भाऊजींवर पहारा ठेवत होता, आणि दोघेही आपापलं कर्तव्य चोख बजावत रस्त्याला लागले.

ताईचा फोन आला तसा मी नौपाड्याहून निघालो. वर्तकनगरच्या नाक्यावर गर्दी दिसली. भाऊजी रोबोला रिक्षात बसवण्याच्या खटपटीत होते आणि रिक्षावाल्याने डोक्याला हात लावला होता.

"काका, बसवतो ना याला. पण जायचं किधर, ते तर सांग."

"पाहुण्यांना विचारा. त्यांचं घर त्यांना ठाऊक."

रोबो शुद्ध मराठीत म्हणाला, "काका, घरी चला."

"अरे भावा, घरी म्हणजे कुठे? पत्ता बोल ना."

"काका, घरी चला."

भाऊजी ओशाळले. मला बघून म्हणाले, "बघ ना, केव्हाचा आग्रह चाललाय त्यांचा. आज नाही जमायचं म्हणावं. पुढच्या वेळी ही आणि मी जोडीने येऊ." शेवटी मी दोघांनाही त्याच रिक्षात घालून परत आणलं. भाऊजींच्या मते पाहुण्यांचं काहीतरी राहिलं होतं म्हणून ते परत आले.

भाची संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसली. "लॉजिकमध्येच घोळ होता, मामा. आता तो मागे जाणारच नाही. नुसता दार अडवून उभा राहील. हलायचाच नाही." तिचं म्हणणं खरं ठरलं. तो हलला नाही. पण पाहुणा उभा असताना यजमानाने बसायचं कसं? भाऊजी त्याच्यासमोर हात बांधून उभे राहिले. ताईने जेवायला हाक मारली तर म्हणाले, "पाहुणे निघालेत, एवढं त्यांना सोडून येतो." दुसऱ्या दिवसाची अख्खी दुपार उभ्याने गेली. संध्याकाळी त्यांचे पाय सुजून खांबासारखे झाले.

भाची आली, तिने पाय पाहिले आणि तोंड फिरवून म्हणाली, "आई, आता बास. उद्या त्या डोंबिवलीच्या लोकांना फोन करते." ताई उठली, रोबोसमोर जाऊन उभी राहिली, आणि गेल्या कित्येक महिन्यांचा राग तिने त्या यंत्रावर काढला. "मेल्या, तुला घरी कोणी काही शिकवलं की नाही? म्हातारा माणूस तुझ्यापायी ताटकळतोय. बस की एकदाचा!" तिने त्याला दोन्ही हातांनी ढकलत नेलं, सोफा आणि भिंत यांच्यामध्ये कोंबलं, वर स्वतःची शाल टाकली, आणि फणकाऱ्याने त्याच्या पुढ्यात चहाचा कप आपटला. "घे. ढोस."

भाऊजींनी सुटकेचा निःश्वास टाकला, शर्ट काढून खुंटीला लावला आणि समोरच्या खुर्चीत बसले. "चहा गार होतोय, घ्या," असं म्हणून त्यांनी कारखान्यातली एक गोष्ट सांगायला घेतली. तासाभराने ताईने मुद्दाम खोडी काढली, "कुठे बाहेर नाही का जायचं आज?" तेव्हा ते तिच्यावर डाफरले, "वेड लागलंय का तुला? घरात पाहुणे बसलेत!"

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला फोन गेला नाही. भाचीने दार अडवण्याची सगळी विद्या रोबोच्या डोक्यातून पुसून टाकली आणि भाऊजी जरा गप्प झाले की "मग पुढे काय झालं, काका?" एवढंच म्हणायला शिकवलं. तीच गोष्ट तो दिवसातून कितीदाही त्याच उत्साहाने ऐकतो. हे मला सख्ख्या नात्यात जमलं नाही. त्याच्या पुढ्यातला चहा दर वेळी मी पितो, आणि ताई म्हणते, दोघांत जास्त उपयोगाचा कोण ते तिला माहीत आहे. भाऊजींचं त्याच्याबद्दल फार चांगलं मत आहे. "सज्जन माणूस. कसली घाई म्हणून नाही. हल्ली असे पाहुणे राहिलेत कुठे?"

पंचाईत झाली ती आम्हा घाईच्या पाहुण्यांची. आम्ही निघालेलं त्यांना दिसून चालेना. म्हणून त्या घरातून चोरासारखं निघण्याची पद्धत पडली. चपला जिन्यात काढून ठेवायच्या, "हात धुऊन येतो" म्हणायचं आणि पसार व्हायचं. गॅसवाल्यालासुद्धा ताईने खुणांनी बोलायला शिकवलं. हसायची गोष्ट आहे, आम्ही हसायचोही. पण ज्याने आयुष्यभर माझ्यासारख्या आळशी माणसाला घरापर्यंत पोचवलं, त्याच्या घरून पाय न वाजवता सटकताना मला फार वाईट वाटायचं. तोवर ते मला ओळखेनासेही झाले होते. पूर्वी "अरे" म्हणायचे, आता "अहो पाहुणे" म्हणतात.

मग एका संध्याकाळी मी जिन्यात चपला घालताना पकडला गेलो. भाऊजी शर्टाची बटणं लावत दारात आले. "निघालात पाहुणे? असे कसे एकटे जाल?" मागून ताई नको नको म्हणून हात हलवत होती. मी म्हटलं, "येऊ दे गं त्यांना."

आमच्या वाटेवर नाल्यावरचा एक पूल लागतो, सिमेंटचा, कठडे रंगवलेले. इतकी वर्षं आम्ही त्याच्यावरून गेलो, पण तो भाऊजींना कधी दिसला नव्हता. त्या दिवशी ते पुलाच्या तोंडाशी थबकले. डोक्यातलं ठाणं पुसत गेलं तसं खालचं गाव वर आलं असेल, कोण जाणे. "हा साकव आला," ते समाधानाने म्हणाले. "इथून पुढे जपून जा. पोचल्याचं कळवा."

मी पूल ओलांडला. वळून पाहिलं तर ते हात वर करून उभे. दिसेनासं व्हायला मी पलीकडच्या एका टेम्पोआड गेलो आणि तिथून डोकावलो. भाऊजींनी हात खाली घेतला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आता जायचं कुठे, ते त्यांना माहीत नव्हतं. त्या एवढ्या मोठ्या रस्त्यावर ते इतके एकटे दिसले की जन्मात पहिल्यांदा मी पळालो. टेम्पोला वळसा घालून, धापा टाकत त्यांच्यासमोर येऊन उभा राहिलो.

"या, या!" भाऊजींचा चेहरा उजळला. "कोणाकडे निघालात?"

"तुमच्याकडेच."

"वा! मग चला की. घर जवळच आहे." वाट त्यांना ठाऊक नव्हती, म्हणून मी अर्धं पाऊल पुढे चालत राहिलो. थोड्या वेळाने ते आपणहून म्हणाले, "आत्ताच एकाला साकवापर्यंत सोडून आलो."

"कोण होते?" मी विचारलं.

"आमच्या हिचा धाकटा भाऊ. चालायचा भारी कंटाळा हो त्याला. रिक्षाशिवाय पाऊल उचलायचा नाही. पण माझ्याबरोबर चालतो." मग जरा थांबून म्हणाले, "आज लवकरच गेला."

लिफ्ट वर गेली तेव्हा ताई दारातच उभी होती. भाऊजींनी मला पुढे केलं आणि तिला म्हणाले, "अगं, पाहुणे आलेत. चहा टाक."