मिरयांगला जाऊन साहेबाच्या गालाला चिखल फासला

आमच्या वाडीतनं कोरियाला गेलेला पयला माणूस मी. आधीच सांगून ठेवतो, मागनं कोणी म्हणायला नको की सांगितलं नाय. वाडी पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या अंगाला. इथला माणूस लांब जाऊन जाऊन मुंबईला जातो नि गणपतीला परत येतो. मी महाडच्या एमआयडीसीत गोण्या उचलायचो. कारखान्यात कोरियाची पॅकिंग मशीन येणार होती, ती शिकायला दोघांना धाडायचं ठरलं. एक नित्या, महाड शहरातला, डिप्लोमावाला. दुसरा मी, कारण जुनी मशीन अडली की लाथ कुठं घालायची ते फक्त मलाच म्हायत. अट एकच. शेवटी तिथला ट्रेनर परीक्षा घेणार. पास झालो तर ऑपरेटर, नाय तर परत गोण्या.

महाडवरनं एसटीनं मुंबई, मधे एक विमान बदलून बुसान, तिथनं रेल्वेनं पाऊण तासात मिरयांग, जिथं ती मशीन बनते. तिकीट-व्हिसा कंपनीचा, म्हणून तो खर्च मला विचारू नका. स्टेशनाबाहेर आलो नि नित्याला म्हटलं, "फसवलं रे आपल्याला. हे तर महाडच हाय!"

खोटं नाय. चारी बाजूंना डोंगर, मधनं नदी, नि नदीचा वळसा एवढा मोठा की शहराचा एक तुकडा बेटासारखा तिच्या पोटात बसलाय. काठावर उंच जुना लाकडी मंडप. चप्पल काढून बसा, दुपारचा वारा घ्या. एका अंगाला बुसान, दुसऱ्या अंगाला देगू, दोन्ही दांडगी शहरं, तरणी पोरं तिकडंच पळालेली. गावाबाहेर नजर जाईल तिथवर प्लास्टिकची पॉलिहाऊसं. आत एका पानभाजीची शेती, वास तुळस नि पुदिन्याच्या मधला, मटण त्यात गुंडाळून खातात. पानं खुडायला नेपाळ, कंबोडियाची माणसं. वरच्या थंड खोऱ्यात सफरचंदं, सपाटीला कारखाने. म्हातारी माणसं शेतात, परकी मजुरीला, घरची पोरं शहरात. मला कोणी समजावून सांगायची गरजच पडली नाय.

खायला डुकराच्या मटणाचा रस्सा, भात त्यातच बुडवलेला, वाडगा साधारण सहाशे रुपये. वरनं घालायला खारवलेला जवळा! मी दुसरा वाडगा मागवला. नित्या शाकाहारी, त्यानं दहा दिवस केळी नि भातावर काढले. तुम्ही शाकाहारी असाल तर मेतकूट न्या.

ट्रेनर होते किमसाहेब, पन्नाशीचे, कायम इस्त्रीच्या कपड्यांतले. बोलायचं झालं की ते मोबाईलला सांगायचे नि मोबाईल आम्हाला हिंदीत सांगायचा. रविवारी त्यांनी आम्हाला आपल्या आईच्या शेतावर नेलं. खालची भाताची खाचरं यंत्रानं लावून झालेली. वरचं एक निमुळतं, तिथं यंत्र वळत नाय. म्हातारी एकटीच वाकून लावत होती. मला राहवलंच नाय. पँट दुमडली नि उतरलो. म्हातारीनं माझा हात बघितला, आवणाची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी माझ्याकडं टाकली. मग काय, दोघांनी दुपारपर्यंत खाचर संपवलं. नित्या बांधावरनं फोटो काढत होता.

आता आमच्याकडं शेवटची मूठ लावली की मालकाच्या तोंडाला चिखल फासतात. त्याशिवाय लावणी झाली असं कोणी मानत नाय. मी मूठ लावली, वळलो, नि बांधावर उभ्या किमसाहेबांच्या दोन्ही गालांना दोन्ही हात.

"मेलास तू," नित्या म्हणाला. "परीक्षा घेणारा माणूस आहे तो!"

म्हातारी बांधावर बसून पोट धरून हसली. किमसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. गाडीत बसल्यावर मोबाईल पालथा ठेवला.

पुढचे तीन दिवस मी रात्री पुस्तक उघडून बसलो. आयुष्यात पयल्यांदा.

परीक्षेला किमसाहेब मशीनमधे मुद्दाम बिघाड करून ठेवतात, तो शोधायचा. नित्यानं दहा मिनिटांत शोधला. माझी वेळ आली. पट्टा चालतो, गोणी येते, पण माल पडत नाय. वायर बघितली, हवेचा दाब बघितला, स्क्रीन बघितला. सगळं ठीक. लाथ मारायला जागाच ठेवलेली नाय त्या मशीनला. गोण्या डोळ्यापुढं दिसायला लागल्या. मग म्हटलं, गोणी आलीय हे मशीनला कळतं कुठनं? गोणी बघणाऱ्या सेन्सरचा डोळा शोधला. त्याच्यावर तपकिरी लेप. नखानं खरवडला, वास घेतला. खाचरातला चिखल! पुसला, नि धाडकन माल पडला.

मागं बघतो तर किमसाहेब खिडकीकडं तोंड करून उभे. कान लाल, खांदे हलतायत. मोबाईल म्हणाला, "मिट्टी माँ ने डिब्बे में भेजी थी." नि माझ्या कागदावर सही झाली.

परत आलो तेव्हा आमच्याकडं लावणी सुरू होती. आता मी ऑपरेटर हाय, खिशाला पेन लावतो. मुंबईवाले फोनवर विचारतात, "कसा रे कोरिया?" सांगतो, रस्ते झकास, बाकी आपलंच. फोटो सगळे नित्याकडं. माझ्या डोक्यात ते वरचं खाचरच राहिलं. आमची पण वरची तीन पडीक हायत, यंदा सुट्टीच्या दिवशी त्यातलं एक लावायला घेतलं.

आईनं विमानाचं काय विचारलं नाय. वाकल्या वाकल्या म्हणाली, "त्या म्हातारीचं आवण केवढं व्हतं रे?"

"वीतभर पण नाय."

"मग लांब लांब लावलंस ना? बारक्या रोपाला फुटवा जास्त येतो."

मी खाली बघून पुढची मूठ लावली.

"दाट लावलंस?"

"आपण लावतो तसंच."

आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "नि वर चिखल तूच त्या साहेबाला फासलास?"