साडभाऊ आणि थंड इंजिन

नागपुरातली कुठलीही जुनी डिझेल गाडी माझ्या साडभाऊंना जितकी घाबरते, तितकी ती भंगारवाल्यालाही घाबरत नसेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात प्रताप नगरात. घराणं पिढीजात विणकरांचं. हे मात्र सरकारी नोकरीत शिरले आणि निवृत्तही झाले, पण हात विणकराचेच राहिले. लुगड्याचा पोत पाहावा तसा ते गाडीच्या दारावरून तळवा फिरवतात आणि डोळे मिटून सांगतात, "हा दरवाजा ठोकलेला हाय. रंग मागाहून मारला." गाडीचा मालक शपथा घ्यायला लागतो. साडभाऊ डोळे उघडतच नाहीत.

त्यांच्याशी माझा या विषयात संबंध आला तो आमच्या सासऱ्यांमुळे. बाबा नागपूरबाहेर, पारशिवनीला एकटे राहतात. त्यांच्या पायांवर उपचार सुरू झाले आणि दर आठवड्याला त्यांना रामदासपेठेतल्या दवाखान्यात आणायची वेळ आली. मोठ्या जावयाकडे जुनी का होईना डिझेल गाडी, धाकट्याकडे स्कूटर. त्यामुळे बाबांना आणायचे-पोचवायचे ते साडभाऊ, आणि मी दवाखान्याच्या पायरीवर हेल्मेट काखेत धरून स्वागताला उभा. "माझे वडील एकदा तरी आपल्या गाडीतून यावेत," असं बायको एवढ्या शांतपणे म्हणाली की त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं. नवी गाडी झेपणारी नव्हती. मी जुनी डिझेल सेडान घ्यायची ठरवली, आणि ती पारखायला साडभाऊंनाच सोबत घेतलं. दुसरं कुणाला नेलं असतं तर ते आयुष्यभर रुसले असते.

त्यांचा पहिला नियम असा की गाडी पाहायला भल्या पहाटे जायचं, तेही न सांगता. "डिझेल इंजिन झोपेत असतानाच खरं बोलते, भाऊ. एकदा गरम झालं का मंग ते कोणालेही फसवते." त्यामुळे आम्ही पहिल्या मालकाच्या दारात उभे राहिलो तेव्हा तो बिचारा तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. साडभाऊंनी नमस्कार वगैरे न करता आधी बॉनेटवर हात ठेवला. "गरम हाय. काहून गरम केली?" मालक फेसातून म्हणाला की आत्ताच दूध आणायला गेलो होतो. साडभाऊंनी त्याच्या दोन्ही हातांकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दूध काई दिसून नाई राहिलं. चला."

दुसऱ्या गाडीचं मीटर फारच कमी दाखवत होतं. मी हरखलो. साडभाऊ मात्र खाली वाकून क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर पाहत बसले. ते पार गुळगुळीत झालं होतं. "मीटर म्हणून राहिलं पोरगी कॉलेजात हाय, पेडल म्हणून राहिलं नातवंडं झाली," असा निकाल देऊन ते उठले. तिसरीच्या पायाखालच्या चटया उचलून त्यांनी नाक आत खुपसलं आणि ही गाडी पुराच्या पाण्यात पोहलेली आहे असं जाहीर केलं. चौथीचं इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं, तर आतून चुलीसारखा धूर. धुराचे रंग तर त्यांना तोंडपाठ. काळा असला तर डिझेल नीट जळत नाही, निळा असला तर गाडी ऑइल पिते, आणि पांढरा थांबतच नसेल तर ते काही बोलत नाहीत, फक्त मालकाच्या खांद्यावर हात ठेवतात. सायलेन्सरच्या तोंडाशी धरायला ते घरून पांढरा रुमाल नेतात. माझी मेहुणी त्या रुमालांना घरातल्या कपड्यांत मिसळू देत नाही.

हे सगळं गाड्यांपुरतं असतं तरी चाललं असतं. त्यांच्या मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा हे गृहस्थ सकाळी सहा वाजता, कुणालाही न कळवता, मुलाच्या घरी धडकले. मुलगा अंथरुणातून उठून आला, डोळे चोळले, हसला आणि म्हणाला, "बसा ना काका, पाणी आणतो." साडभाऊंनी तिथूनच माझ्या मेहुणीला फोन लावला, "स्टार्टिंग चांगली हाय. हो म्हणून टाक." संसार आजतागायत उत्तम चालू आहे, त्यामुळे त्यांना कुणी काही बोलूही शकत नाही.

असे महिने गेले. बाबा येत होते, जात होते, मी पायरीवर उभा होतो. शेवटी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी पाहायला गेलो. बॉनेट थंडगार. पहिल्याच चावीला इंजिन लागलं. धूर नाही, झाकणातून फुसफूस नाही. स्पीडब्रेकरवरून नेली तरी खालून खडखड नाही. साडभाऊ गाडीभोवती फिरत राहिले, वाकले, उठले, पुन्हा वाकले. त्यांना घाम फुटला. बाई कागदपत्रं आणायला आत गेल्या तेव्हा ते म्हणाले, "हॉर्न बारीक हाय."

मी चिडलो. "भाऊजी, खरं सांगा. गाडीत खोट काय आहे?"

"खोट काईच नाई, भाऊ. गाडी एक नंबर हाय." ते कुंपणाच्या कट्ट्यावर बसले आणि रुमालाची घडी घालायला लागले. "तुमच्या दारात गाडी आली का बाबाले तुमीच आणसान. बरोबरच हाय ते. पण मंग मी काय करू? माझा बाप मी लहान असतानाच गेला. मले त्याचा आवाजही आठवत नाई. बाबा बाजूले बसते. कोणाच्या वावरात काय पेरलं, कोणाची विहीर आटली, सांगत राहते. मले दुसरं काई नाई पाहिजे."

डोळ्यांसमोर बायकोचा चेहरा आला, पण समोर हा माणूस बसला होता. बाई कागद घेऊन बाहेर आल्या. मी गाडीत बसलो, क्लच दाबला, तो लोण्यासारखा गेला. मी म्हणालो, "क्लच जड वाटतोय हो. राहू द्या."

त्यावर आमचे साडभाऊ ताडकन उठले. चांगल्या गाडीवर आळ आलेला त्यांना कुठला सोसायला. "क्लचले काई नाई झालं, डॉक्टरबाई. गाडी झकास हाय. आमच्या भाऊलेच घ्याची नाई." असं बोलून ते चालायला लागले. ते माझ्या बाजूनं एक शब्द खोटं बोलले असते तर माझी तेवढी अब्रू वाचली असती.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिनं माझं हेल्मेट खुंटीला अडकवलं. मग म्हणाली, "राहू द्या गाडी. पण तुम्हीही जात जा त्यांच्यासोबत." तेव्हापासून मी मागच्या सीटवर असतो. पुढे दोघांच्या गप्पा चालतात, मला कुणी विचारत नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. बाबा आता बरे चालतात. दवाखान्यातून सांगितलंय की लवकरच यायची गरज उरणार नाही. ऐकून आम्ही सगळे खूश झालो. साडभाऊही म्हणाले, "चांगलं झालं," आणि खिशात चावी शोधत राहिले. ती त्यांच्या हातातच होती.

परवा रामदासपेठ आली तरी बाबांचं कुणाच्या तरी बैलजोडीबद्दलचं सांगणं संपलेलं नव्हतं. दवाखान्याचं फाटक उजव्या हाताला दिसलं. साडभाऊंनी ते पाहिलं, मीही पाहिलं. त्यांनी गाडी तशीच पुढे नेली आणि सावकाश एक मोठी चक्कर मारून आणली.