भीमराजच्या गच्चीवरचे दांडे

फुलसावंगीत भीमराजले सारे रेडिओवाला म्हनत. चाळीस वर्षं त्यानं लोकायचे रेडिओ सुधरवले. रेडिओ गेले, दुकान उठलं, पन याचा नाद काही सुटला नाई. गच्चीवर अँटेनाचे अॅल्युमिनियमचे दांडे उभे केले, खाली दोन जुने रेडिओ मांडले आन् भरदुपारी सूर्य ऐकत बसे. मी बाबूसिंग, त्याचा शेजारी. माह्या तुरीच्या वावराच्या धुऱ्याले, बांधाले लागूनच त्याचं घर.

“सूर्य कायले बोलते रे लेका?” एकडाव मी चिडवलं.

तो रागावला नाई. खाटेवर बसवून सांगाले लागला. सूर्याच्या भवताल तापलेल्या वायूचं कडं असते, प्रभामंडळ म्हनतात त्याले. सूर्य उसळला का त्यातून इलेक्ट्रॉन सुसाट बाहीर पयतात, आन् त्यायचा खर्र आवाज रेडिओत येते. दोन रेडिओ येगयेगळ्या फ्रिक्वेन्सीवर लावलेले; इलेक्ट्रॉन सूर्यापासून दूर गेले का आवाज खालच्या फ्रिक्वेन्सीवर उतरते, म्हनून एका रेडिओत आधी, दुसऱ्यात दोन-अडीच सेकंदानं. “बाबूभाऊ, त्या मधातल्या टायमावरून त्यायचा वेग निंगते,” तो म्हने. यवतमाळच्या एका कॉलेजातल्या सरानं त्याले सांगतलं होतं, एक साफ रेकॉर्डिंग दे, अहवालात तुझं नाव छापतो. नववी नापास मानसाले अजून काय पाह्यजे?

त्याचं मांगनं एकच होतं. जनावरं हाकलाले कुंपनाच्या तारेत करंट सोडनारी माही झटका मशीन दर सेकंदाले टक टक करे, ते त्याच्या रेडिओत शिरे. अकरा ते बारा तेवढी बंद ठेव, म्हने. वर्षभर ठेवली बरं मी.

मंग डिसेंबरात रोह्यायचा, म्हंजे नीलगायींचा, कळप घुसला. शेंगांवर आलेली तूर आडवी करून गेला. माहं डोक्सं फिरलं. दुसऱ्या दिवशी भीमराज धुऱ्यावर आला. “आज सूर्यावर मोठा डाग समोर हाये, तिथूनच तो उसळते. एक घंटा बंद कर, भाऊ.”

“तुहा सूर्य काय पयून चालला का? उद्या ऐक,” मी म्हनलं, आन् मशीन चालूच ठेवली.

साडेअकराले सूर्य उसळला. एवढा मोठा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. पन पुऱ्या रेकॉर्डिंगवर माही टक टक. कोनता आवाज कधी सुरू झाला, तेच समजे नाई. सरानं ते वापस केलं.

हे मले त्याच्या बायकोनं, तुळसाबाईनं सांगतलं. सरानं इचारलं म्हने, मशीन कोनाची? तर हा म्हने, “माहीच. बंद कराची राहून गेली.” याच्याजवळ गुंठाभर वावर नाई, मशीन कुठची?

माफी मांगाले जातो जातो म्हनलं आन् गेलो नाई. लाज वाटे. पंधरा दिवसांनी तोच आला, खांद्यावर गच्चीवरचे सारे दांडे घेऊन. “घे बाबूभाऊ, कुंपनाले कामी येतीन.” रागानं म्हनला असता तर मले बरं वाटलं असतं.

ते दांडे मी अजून लावले नाईत. रोज अकराले मशीन बंद करतो, ते त्याले घरातून दिसते. तो गच्चीवर चढत नाई.