दाजी आणि नवरंग

गुरुवारी सकाळी दाजींना आत नेले. दुपारी डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले की गाठ निघाली आहे, स्वरपेटीही काढावी लागली. त्या दिवसापासून दाजी बोलले नाहीत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गाव राधानगरीच्या अलीकडचे, घराच्या परसाला लागूनच जंगल. थोडी भातशेती होती, पण खरा धंदा बैलबाजारातल्या दलालीचा. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभे राहायचे, बैलाचे दात बघायचे, त्याला चार पावले चालवून बघायचे आणि दोघांनाही पटेल असा भाव काढायचा. या कामाला आवाज लागतो असे त्यांचे मत होते. कोल्हापुरात आमच्या घरी आले की समोरच्या इमारतीतल्या लोकांना कळायचे. खरे तर आमच्या घरी पाहुणे ते, पण मला हाक मारायचे, "काय पावणं, पुस्तकं काय म्हंत्यात?" मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. दिवसभर हळू बोलायची सवय. त्यांना उत्तर द्यायचे तर दोनदा द्यावे लागे.

भाव मात्र ते कधी मोठ्याने सांगत नसत. खांद्यावरचा टॉवेल समोरच्याच्या हातावर टाकायचा, त्याखाली हात घालायचा आणि बोटे दाबून आकडा सांगायचा. समोरच्याने तसेच उत्तर द्यायचे. मूठ मिटली की उत्तर 'नाही'. तोंडाने त्या वेळी भलतेच काही चाललेले असायचे, पाऊसपाणी, कुणाच्या तरी पोरीचे लग्न. आता बरेच व्यवहार फोनवर फोटो पाठवून होतात, पण जुन्या माणसांचे अजून टॉवेलाखालीच चालते. मी एकदा विचारले होते, यात फसवणूक होत नाही का. ते म्हणाले, "तोंडानं किती बी खोटं बोला पावणं, त्येला बाजार म्हंत्यात. टॉवेलाखाली खोटं चालत न्हाई."

नवरंगाचा विषय माझ्यामुळे निघाला. एका मे महिन्यात सकाळी ग्रंथालय उघडले, तर पायरीवर एक पक्षी बसलेला. मुठीएवढा, आखूड शेपटीचा, पाठ हिरवी, डोळ्यावरून काळी पट्टी, पंखावर निळा डाग आणि पोटाखाली कुंकवासारखा लाल. दक्षिणेतून पावसाबरोबर वर येणारा हा पक्षी रात्रीचा प्रवास करतो आणि कधी कधी दमून शहरात उतरतो. त्याला खोक्यात ठेवले, संध्याकाळी शहराबाहेरच्या झाडीत सोडले. हे मी दाजींना सांगितले आणि मोबाइलवर त्याचा आवाज ऐकवला. दोन सुरांची शीळ, पहिला सूर चढता, दुसरा उतरता. दाजींनी लगेच ओळखले. पावसाळाभर सकाळ-संध्याकाळ परसामागून हीच शीळ ऐकत ते लहानाचे मोठे झाले होते, पण पक्षी कधी दिसला नव्हता. "तुमच्या लायब्ररीत येतंय," ते म्हणाले, "आणि आमच्यात जल्मभर हाळी मारून तोंड दावत न्हाई. शिकलेलं हाय की."

मग दर जूनमध्ये मी दुर्बीण घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागलो. ते हौसेने बरोबर यायचे आणि वाटभर बोलायचे. नवरंग झाडाच्या शेंड्यावर बसणारा पक्षी नव्हे. दाट झाडीत, ओल्या पाचोळ्यावर टुणटुण उड्या मारत, चोचीने पाने उलटून किडे शोधणारा. जवळ खसफसले तरी थिजून बसतो, आणि पाचोळ्यातला पाचोळा होतो. दाजी कुजबुजायचे तेही पलीकडच्या शेतात ऐकू जाईल असे. आम्ही पोचायच्या आत शीळ थांबलेली असायची. मग परत येताना त्यांचे ठरलेले वाक्य, "त्यो तुम्हाला लाजतोय पावणं. मी घरचा हाय."

ऑपरेशननंतर दाजी घरात बसले. गळ्याला श्वासासाठी भोक ठेवलेले, त्यावर मलमलीचा तुकडा. अक्काने पाटी आणून दिली, ती त्यांनी माळ्यावर टाकली. बाजाराला जाणे सोडले. कुणी भेटायला आले की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. एकच आवाज त्यांच्यापाशी उरला होता, बैलाला चालवताना टाळूला जीभ लावून काढतात तो. तो ते जेवण नको असले की काढायचे. फोनवर अक्का मला म्हणाली, "सदा, दुखणं गेलं रं. पर ह्यांनी जगायचंच सोडलंय. तू ये."

मी जूनमध्ये गेलो. संध्याकाळी शीळ सुरू झाली, तेव्हा दुर्बीण गळ्यात घालून त्यांच्यासमोर उभा राहिलो. ते खुंटीवरचा टॉवेल घेऊन उठले.

परसामागच्या जांभळीखाली एक सपाट दगड आहे. त्यावर आम्ही बसलो. या वेळी शीळ थांबली नाही. थोड्या वेळाने दाजींनी टॉवेल माझ्या हातावर टाकला आणि खाली हात घातला. त्यांची नजर समोर, करवंदीच्या जाळीकडे. त्यांनी माझी दोन बोटे दाबली, सोडली, पुन्हा दोन दाबली. दोन सूर, एवढे मला समजले. मग त्यांनी अख्खा पंजाच घट्ट धरला. जाळीखाली पाने हलत होती. मी हात ओढून घेतला आणि दुर्बीण डोळ्याला लावली.

दुर्बिणीतून दिसले ते नुसते रान. खाली केली तेव्हा दाजी घराच्या वाटेला लागले होते. टॉवेल चिखलात पडला होता.

रात्री ते जेवले नाहीत. मी अक्काला झाले ते सांगितले. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "मधीच हात काढून घ्येतलास व्हय? आरं, बाजारात त्येला सौदा मोडला म्हंत्यात. पुन्हा त्या मानसासंगं बसत न्हाईत." मग म्हणाली, "दवाखान्यापासनं कुणाच्या हातात हात दिला नव्हता त्यांनी."

सकाळी ते उठण्यापूर्वी मी टॉवेल धुऊन वाळत घातला. संध्याकाळी तो स्वतःच्या हातावर टाकून, दुर्बीण न घेता, दगडावर जाऊन बसलो. शीळ चालू होती. अंधारायला लागले तशी माझी आशा सुटली. तेवढ्यात मागे पावले वाजली. दाजी शेजारी बसले आणि टॉवेलाखाली त्यांनी हात दिला.

त्या दिवशी नवरंग जाळीखालून बाहेर आला. पाचोळ्यावरून उड्या मारत एका बुटक्या फांदीवर चढला, मान मागे टाकली आणि ओरडला. प्रत्येक शिळेला त्याचे सगळे अंग हलत होते. दाजींनी माझा पंजा धरून ठेवला, तो पक्षी दिसेनासा होईपर्यंत. येताना त्यांनी माझ्याकडे बघून, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून, जिभेचा तो आवाज काढला. मी घरचा हाय.

पुढच्या बाजाराला ते गेले. टॉवेलाखाली आवाजाची गरज नव्हती. अक्का सांगायची, लोक आता ह्यांच्याशी बोलताना उगीच मोठ्यानं बोलतात, जणू कानच गेलेत, आणि मग हे हसतात.

दोन पावसाळे त्यांना असे मिळाले. मग दुखणे परत आले. मी गेलो तेव्हा पाऊस सरत आला होता, भात पोटरीला आले होते. नवरंगाची शीळ तोवर थांबलेली असते. तो दक्षिणेला कधी जातो ते कळत नाही. आवाज बंद होऊन काही दिवस झाल्यावर लक्षात येते.

दाजींनी चादरीखाली माझा हात शोधला. दोन बोटे दाबली. थांबले. पुन्हा दाबली. ओरडतोय का, असे ते विचारत होते. त्यांना आता परसापर्यंतचे ऐकू येत नव्हते. अक्का पायाशी बसली होती, तिने माझ्याकडे पाहिले. तोंडाने मी हो म्हटले असते. चादरीखाली मी मूठ मिटली.

त्यांनी हात काढून घेतला नाही. पहाटे तो मलाच सोडवावा लागला.

बाजारात आता दुसरा दलाल उभा राहतो. टॉवेल अक्काच्या खुंटीला आहे. यंदाही जूनमध्ये मी गेलो होतो. जांभळीखालच्या दगडावर बसलो. नवरंग आला आहे.