पेजेचा रकाना

मंगळवारी सकाळी मालवणच्या घरी आग्नेल सर वारले. मला दुपारी कळलं. त्याला आता सहा आठवडे झाले.

ते माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. मधुमेहावर काम करणारी त्यांची प्रयोगशाळा पुण्यात होती, पण ते शेवटपर्यंत मालवणचेच राहिले. इंग्रजीत शिकवायचे, मराठीत रागवायचे, आणि मनातलं बोलायचं असलं की मालवणीत शिरायचे. माझा विषय त्यांच्याच मुलखातला होता. समुद्रावर जाणारे मच्छीमार आणि आतल्या गावांतले बागायतदार, यांच्या शरीरात साखर कशी वापरली जाते याची तुलना. बागायतदारांचं रक्त मी त्यांच्या घरी, उठल्या उठल्या घ्यायची. मच्छीमारांचं बंदरावर, होड्या लागल्या की. दोघांचंही उपाशीपोटीच घ्यायचं होतं. दोन हंगाम मच्छीमारांची साखर जास्त निघत राहिली. मला वाटलं, आपल्याला काहीतरी सापडलं.

शेवटच्या फेरीला सर सोबत आले. आमच्या यादीतले मच्छीमार बाबल्याकाका होडीतून उतरले तसं मी नेहमीप्रमाणे विचारलं, "रात्रीपासून काही खाल्लंत का?"

"नाय गो."

सरांनी सहज विचारलं, "आणि पेज?"

"ती पियालंय मगाशी होडयेर. पेज म्हणजे काय जेवाण?" काका हसले. सर हसले नाहीत. भाताच्या पेजेनेही साखर चढते.

ओरोसला माझ्या घरी परतताना एसटीत मी म्हटलं, काकांचा नमुना वगळू, बाकीचे ठेवू. प्रबंधाची मुदत संपत आली होती. सर म्हणाले, "बाकीच्यांक कोणी इचारल्यान?"

कोणीच विचारलं नव्हतं.

"चूक तुझी नाय गो. मी पेज पिऊनच वाढलंय. माकाच सुचाक व्हया होता."

विद्यापीठाच्या समितीलाही त्यांनी तसंच लिहिलं, चूक स्वतःच्या नावावर घेऊन. वर्षभराची मुदतवाढ मिळाली. निवृत्तीला आलेले सर माझ्याबरोबर पुन्हा वाळूत बसले. आदल्या संध्याकाळी घरोघरी जाऊन सांगायचे, उद्या पेजसुद्धा नको. नव्या नमुन्यांत तो फरक जवळजवळ उरलाच नाही. मी आकडे पुन्हा पुन्हा तपासत होते, तेव्हा सर म्हणाले, "प्रबंध पातळ झालो तुझो. पेजेसारखो." मला हसू आलं, आणि मग रडूही... ते शेजारी बसून राहिले.

आता माझ्याकडे दोन विद्यार्थिनी आहेत. आमच्या प्रश्नावलीत 'शेवटचं जेवण' याच्या खाली 'पेज, किती वाजता' असा एक रकाना आहे. तो सरांनी हाताने आखलेला. छायाप्रतींत अक्षर पुसट होत चाललं आहे. मुली तो भरतात.